कोणी सांगितलं?

इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं. टाकीत कबुतर पडून मेलं, आणि वास येईपर्यंत सगळे तेच पाणी प्यायले. मग कोणीतरी नगरपालिकेत तक्रार केली. तपासनीस आला, नाक धरून गच्चीवर चढला आणि खाली येताना जिन्यात नोटीस चिकटवून गेला. त्या संध्याकाळी जिन्यात ही गर्दी! पण झाकणाचं नाव कोणी काढलं असेल तर शपथ. चर्चा एकच, तक्रार कोणी केली? तळमजल्याला पहिल्या मजल्याचा संशय, पहिल्याला दुसऱ्याचा. एकानं तर तक्रारीवरचं अक्षर ओळखायला नगरपालिकेत जाऊन यायची तयारी दाखवली. झाकण आणायला दुकानापर्यंत जायला मात्र कोणाला सवड नव्हती.

हसू नका मंडळी. तुमच्या-माझ्या जिन्यात याहून वेगळं काही होत नाही. ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती वाईट आहे हेही आता आपल्याला वाटत नाही. ती एखाद्याच्या जिवावर कशी बेतते ते याच इमारतीतल्या एका कुटुंबानं अनुभवलं, म्हणून सांगतो.

कुटुंब तिघांचं. आई पोलीस ठाण्यात हवालदार. वडिलांचं ठाण्यासमोरच झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान. "लोक हिला खरं-खोटं सांगतात आणि माझ्याकडे येऊन त्याची प्रत काढतात," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. लेक कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. बोलायला लागल्यापासून ती इतके प्रश्न विचारायची की वडिलांनी तिचं नावच प्रश्नपत्रिका ठेवलं होतं. आई वैतागली की म्हणायची, "चौकशी मी ठाण्यात करते, घरी तरी नको गं."

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी लेकीनं विषय घेतला डोंगरपट्टीतले गुन्हे आणि पोलीस. ठाण्याच्या हद्दीत डोंगरात विखुरलेली खेडी होती. ठाण्याच्या नोंदी बघाव्यात तर या खेड्यांत गुन्हे जवळजवळ नाहीतच. लेकीनं मग डोंगरपट्टीतल्या सरकारी दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांना विचारलं. तिथं वेगळंच चित्र. डोकं फुटलेले, बरगड्या मोडलेले, डोळा सुजलेले लोक बारा महिने येत होते, आणि विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, पडलो.

"आई, या भागातली माणसं फार पडतात गं," एके दिवशी जेवताना ती म्हणाली. "कोणी जिन्यावरून, कोणी झाडावरून, कोणी सायकलवरून. पडतात आणि बरोबर तोंडावरच पडतात."

वडील हसले. आई हसली नाही. तिनं पाण्याचा तांब्या उचलला, भरलेल्याच भांड्यात आणखी पाणी ओतलं आणि ते ताटाजवळ सांडलं. कशानं सांडलं ते लेकीला तेव्हा कळलं नाही.

ती खेड्याखेड्यांत हिंडली. लोकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, माहिती मात्र कोणी दिली नाही. "आमच्याकडे तसलं काही नसतं. असलंच तर आम्ही आपसात मिटवतो," हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं समोरच्यानं तोंड उघडलं की तिला ते आधीच ऐकू यायचं. एका गावात मात्र एक बाई बोलली. तिथल्या दूध संकलन केंद्रावर ती मशीनवर दुधाची फॅट तपासायची. गावानं तिचं नाव मशीनताई पाडलं होतं. नवरा वारलेला, दोन मुलं शाळेत, आणि लाल मोपेडवरून पहाटे आणि संध्याकाळी केंद्रावर यायचं, हे तिचं आयुष्य.

मशीनताईनं जे पाहिलं ते असं. गावकऱ्यांचं दूध मोजून झालं की दूध संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या कॅनमध्ये पाणी घालायचा. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर एक दिवस म्हणाला, असले कॅन मी नेणार नाही, पुढं डेअरीत पकडले की माझ्यावर येतं. पुतण्यानं गाडीतली लोखंडी पहार काढली. डोक्यावर येणारा घाव ड्रायव्हरनं हातावर घेतला, तो हात पुन्हा सरळ झाला नाही. अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी सगळं मिटवलं. दवाखान्याचा खर्च संस्थेचा, ड्रायव्हरला केंद्राच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी, आणि पोलिसांत नोंद झाली की गाडीच्या टपावरून पडून जखमी.

"माझं नाव लिहू नका बाई," मशीनताई म्हणाली. "माझ्या पोरांचं शिक्षण या मशीनवर चाललंय."

"ताई, शब्द देते. नाव कुठंही येणार नाही," लेक म्हणाली. आणि खरोखरच तिनं नाव लिहिलं नाही. गावाचंही लिहिलं नाही. तिनं लिहिलं, 'डोंगरपट्टीतल्या एका दूध संकलन केंद्रावर फॅट तपासण्याचं काम करणारी महिला सांगते.' पुढं सगळी हकिगत दिली, पहारीपासून रखवालदारीपर्यंत. हेच प्रबंधातलं सगळ्यात जोरकस प्रकरण झालं. मार्गदर्शक बाईंना ते दाखवायचं राहिलं होतं. आता बांधलेली प्रतच एकदम हातात देऊ, म्हणून तिनं प्रबंध वडिलांकडे बाइंडिंगला टाकला.

संध्याकाळी आईनं घरी प्रत हातात घेतली. चष्मा पुसून, पाय वर घेऊन ती कौतुकानं वाचायला बसली. वाचता वाचता एका पानावर थांबली.

"ही मशीनताई ना गं? लाल मोपेडवाली?"

लेक चपापली. "तुला कसं कळलं? नाव कुठंय त्यात?"

"नाव कशाला पाहिजे? अख्ख्या डोंगरपट्टीत फॅट तपासणारी बाई एकच आहे. बाकी सगळ्या केंद्रांवर पुरुष आहेत." आईनं पान बोटानं दाबून धरलं. "हे तुला तिनंच सांगितलं?"

लेकीनं ते पान पुन्हा वाचलं. महिना महिना डोंगर तुडवला, प्रश्न काढले, उत्तरं मोजली, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही! कॉलेजातली पुस्तकं सांगायची की नाव गाळा. एका गावात माणसाचं काम हेच त्याचं नाव असतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"अजून बिघडलं नाही," ती घाईघाईनं म्हणाली. "एक प्रत ही आणि एक बाईंसाठी बाजूला ठेवलेली. तिसरी कुठं नाही. उद्या ते पान बदलते."

वडील दारात चप्पल काढत होते. ते तसेच एका पायावर थांबले.

"एक प्रत दुकानात आहे," ते म्हणाले.

"कसली?"

"मी एक जास्तीची काढली होती गं. काउंटरवर ठेवली. येईल त्याला दाखवतो, आमच्या प्रश्नपत्रिकेनं लिहिलंय म्हणून."

तिघंही तसेच निघाले. दुकानाचं शटर वर केलं, दिवा लावला. प्रत काउंटरवरच होती, स्टेपलरशेजारी, येणाऱ्याला दिसेल अशी मांडलेली. लेकीनं हायसं वाटून ती उचलली, आणि ती आपोआप एका पानावर उघडली. बाइंडिंग तिथं मोडलं होतं. पुस्तक उलटं करून काचेवर दाबून धरलं की मोडतं, तसं.

"बाबा, या पानाची झेरॉक्स कोणी काढली?"

वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मीच काढून दिली," ते हळू म्हणाले. "दूध संस्थेचा कारकून आला होता सभेच्या नोटिसा काढायला. स्टुलावर बसून बराच वेळ वाचत होता. चांगलं लिहिलंय म्हणाला. एवढी दोन पानं द्या म्हणाला. मला वाटलं, कौतुकानं नेतोय."

त्या बापाला काय बोलणार? लेकीच्या कौतुकानं त्याचा ऊर भरून आला होता, आणि त्याच कौतुकानं घात केला होता. तो मशीनजवळच्या स्टुलावर बसला आणि कितीतरी वेळ कागदाचा गठ्ठा उगाचच सारखा करत राहिला.

मशीनताईचा फोन लागला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानातून. लेकीनं नुसतं 'ताई' म्हटलं.

"तुम्ही काय लिहिलंत हो?" पलीकडून आवाज आला. त्यात राग नव्हता, भीती होती, आणि तीच ऐकवत नव्हती. "आज मशीनला हात लावू नको म्हणाले. संध्याकाळी केंद्रावर बोलावलंय, सगळ्यांसमोर. पोरांना बहिणीकडे पाठवलंय मी." आणि फोन बंद झाला.

लेक रडत बाईंकडे जायला निघाली, तर बाईच दुकानाच्या पायऱ्या चढत होत्या. त्या प्रबंध न्यायला आल्या होत्या. त्यांचे केस पांढरे, हातात कापडी पिशवी, आणि बोलण्यात लागेल तेवढाच गोडवा. आई ठाण्यात जायच्या आधी तिथंच थांबली होती. बाईंनी उभ्याउभ्या ती दोन पानं वाचली आणि पुस्तक मिटलं.

"नाव पुसलंस," त्या म्हणाल्या. "बाकी सगळी बाई जशीच्या तशी ठेवलीस."

"बाई, मला कळलंच नाही."

"कळायला हवं होतं. छापायच्या आधी तिला एकदा वाचून दाखवलं असतंस तर तिनंच सांगितलं असतं, की ही तर मीच. आणि मला दाखवलं असतंस तर मीही सांगितलं असतं. असो. तुझ्यावर रागवायला पुढं वेळ आहे." बाई आईकडे वळल्या. "मला एक सांगा. त्या गावात आत्ता काय चाललं असेल?"

"काय चालणार," आई म्हणाली. "कोणी सांगितलं ते शोधत असतील."

"आणि मारलं कोणी?"

"ते माहीतच आहे सगळ्यांना."

"बघा. मारणारा सगळ्यांना माहीत आहे आणि तो मोकळा फिरतोय. शोध चाललाय तो सांगणाऱ्याचा." बाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली. "आपल्याकडे तपास नेहमी असा उलटा होतो. घरात, ऑफिसात, गावात. सांगणारा एकटा सापडला की सगळ्यांना बरं वाटतं, कारण त्याला गप्प केलं की गोष्टच घडली नव्हती असं म्हणता येतं. त्या बाईला एकटी सापडू देऊ नका. फिर्यादी पुढं आला नाही म्हणून कायदा थांबत नाही. गंभीर गुन्हा कळला तर पोलीस स्वतः फिर्याद देऊ शकतात. मी तुम्हाला नवीन काही सांगत नाहीये."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "त्या दिवशी ड्यूटीवर मीच होते."

लेकीनं चमकून वर पाहिलं.

"अध्यक्ष त्या ड्रायव्हरला घेऊन आले. म्हणाले, टपावरून पडला. तो म्हणाला, पडलो. मी लिहिलं, पडला. त्याचा हात बघितला होता मी. टपावरून पडलेल्याचा हात तसा मोडत नाही, वार अडवणाऱ्याचा मोडतो. मला दिसत होतं. पण दोघंही तेच म्हणताहेत, तर आपण कशाला नाक खुपसा? कटकट मिटली म्हणून चहा प्यायले मी त्या दिवशी."

वडिलांनी मशीनचं झाकण उघडलं आणि बंद केलं. लेकीला ते जेवणाच्या ताटाजवळ सांडलेलं पाणी आठवलं. आईवर रागवावं की आईजवळ जाऊन बसावं, हे तिला कळेना. ती जवळ जाऊन बसली.

आई ठाण्यात गेली. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. संपलेलं प्रकरण उकरताय, म्हणाले. अडवलं मात्र नाही. "फिर्याद तुमच्या नावानं द्या. आणि आधीची नोंदही तुमच्याच हातची आहे हे लक्षात ठेवा. मला मध्ये घेऊ नका," एवढंच त्यांनी बजावलं. त्यांनाही आपलं नाव कुठं यायला नको होतं. आईनं एक शिपाई बरोबर घेतला. लेक म्हणाली मी येणार, आणि आई नको म्हणाली नाही.

संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. केंद्राच्या अंगणात कॅन घेतलेल्या लोकांची रांग उभी होती, पण रांग पुढं सरकत नव्हती. तपासणीच्या टेबलाशी पुतण्या बसला होता. मशीनताई भिंतीला पाठ लावून उभी होती, खांद्याला पिशवी, दोन्ही हातांनी पिशवीचा बंद घट्ट धरलेला. लेकीला बघून तिनं मान फिरवली. फाटकाशी रखवालदाराच्या खुर्चीवर ड्रायव्हर होता, वाकडा हात मांडीवर ठेवून. एखाद्याच्या घरी वाईट बातमी आली असावी तसे सगळे गप्प उभे होते.

अध्यक्षांनी मात्र तोंडभरून स्वागत केलं. "या, या मॅडम! बरं झालं आलात. खुर्ची आणा रे." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेले दोन कागद काढले. "आमच्या केंद्राची बदनामी चालली आहे बघा. असं काही घडलेलंच नाही, तुम्हाला तर ठाऊकच आहे, नोंद तुमच्याच हातची आहे. आमचं म्हणणं एवढंच, की हे कोणी सांगितलं? तेवढं कळलं की झालं. आम्ही आपसात मिटवून टाकू."

मिटवून टाकू म्हणताना त्यांची नजर भिंतीकडे गेली. रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा त्यांच्यामागून तिकडेच गेल्या. मशीनताईनं पिशवीचा बंद आणखी घट्ट धरला.

लेकीला राहवेना. "चूक माझी आहे," म्हणत ती पुढं झाली. आईनं तिच्या दंडाला धरून तिला मागं घेतलं.

"अध्यक्ष, मी सांगितलं," आई म्हणाली.

"काय?"

"तुम्ही विचारताय ना, कोणी सांगितलं? मी सांगतेय. हा माणूस पडलेला नाही, त्याला मारलं. हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, आणि तरी मी पडला असं लिहिलं. ते माझं चुकलं. आता मी फिर्याद देतेय, सरकारतर्फे. फिर्यादीचं नाव माझं. आणखी कोणाला शोधायचं कारण नाही."

पुतण्या खुर्चीवरून उठला, शिपाई त्याच्या बाजूला सरकला, तसा तो परत बसला. अध्यक्षांच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण ते आता तिथं उपऱ्यासारखं वाटत होतं.

"मॅडम, जरा विचार करा," ते आवाज उतरवून म्हणाले. "खोटी नोंद केली असं तुम्हीच चारचौघांत म्हणताय. नोकरीवर येईल तुमच्या."

"येईल. ते मी बघेन." आई काही धीराची पुतळी नव्हती, घाबरलेली बाई होती, आणि घाबरूनही बोलत होती. ती फाटकाकडे वळली. "दादा, तेव्हा मी तुम्हाला अध्यक्षांसमोर विचारलं होतं. आज परत विचारते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तुम्ही नाही बोललात तरी माझी फिर्याद राहणार आहे. कसे पडलात तुम्ही?"

ड्रायव्हरनं अध्यक्षांकडे पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. लेकीला वाटलं, आता तो पडलो म्हणेल आणि सगळं मुसळ केरात जाईल. त्याची खुर्ची, त्याचा पगार, त्याचं घर सगळं याच अंगणातून चालत होतं. तो कसं बोलणार?

"पडलो नव्हतो मी," तो म्हणाला. मग उठून उभा राहिला आणि पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाला, "मी पडलो नव्हतो. माझ्या हयातीत मी गाडीवरून पडलो नाही."

रांगेत कुजबुज झाली. एक म्हातारा कॅन खाली ठेवून म्हणाला, "मग दुधात पाणी पडतं ते कसं पडतं, तेही लिहून घ्या मॅडम. महिनोन् महिने डेअरीतून परत आलेल्या दुधाची शिक्षा आम्हाला होते, आणि आम्ही आमच्या म्हशींना शिव्या घालतो." कोणीतरी हसलं. रांगेत पहिली उभी असलेली एक बाई आपला कॅन घेऊन सरळ भिंतीपाशी गेली आणि तिनं तो मशीनताईसमोर ठेवला. "माझं दूध हीच तपासेल," ती म्हणाली.

सगळे काही तिच्या मागून गेले नाहीत, हेही सांगायला हवं. निम्मी रांग मान खाली घालून जागच्या जागी उभी राहिली. काहीजण कॅन उचलून दूध न घालताच घरी गेले. पण जेवढे पुढं आले तेवढे पुरेसे होते. एकटीला गाठायचं म्हणून जे अंगण भरवलं होतं, त्यात आता ती एकटी नव्हती.

पुढं काय झालं म्हणाल, तर पुतण्यावर खटला उभा राहिला, तो चालू आहे. मशीनताई मशीनवर परत बसली. आईची खातेनिहाय चौकशी झाली, बढती थांबली, आणि आता ती ठाण्यात नोंद लिहिताना जखमी माणसाला एकट्याला आत बोलावते, आणलेल्या माणसाला बाहेर बसवते. एवढी साधी गोष्ट. पण त्यामुळे डोंगरपट्टीतली माणसं हल्ली जरा कमी पडायला लागली आहेत.

लेक मशीनताईची माफी मागायला गेली. मशीनताईनं तिला चहा दिला, समोर बसली. "तुमचा हेतू वाईट नव्हता, कळतं मला," ती म्हणाली. "आईंनी तुमच्या फार मोठं काम केलं. पण शब्द तुम्ही दिला होतात. मी अजून मोपेडवरून घरी येताना मागं बघत येते."

लेकीनं ते प्रकरण फाडून टाकलं आणि नव्यानं लिहिलं. या वेळी पान लिहून झालं की ज्याची हकिगत त्याच्याकडे जायची, वाचून दाखवायची आणि विचारायची, यातून तुम्ही ओळखू येता का? लोक म्हणत, हे काढा, ते बदला. प्रबंध पूर्वीइतका जोरकस राहिला नाही. बाई मात्र वाचून म्हणाल्या, "आता हा खरा प्रबंध झाला."

माझ्या मित्रांनो, गुन्हा लपवायला पहार लागत नाही, आपला तो एक प्रश्न पुरतो. कोणी सांगितलं? हा प्रश्न आपण विचारतो आणि सांगणाऱ्याला उघडा पाडतो, करणाऱ्यावर पांघरूण घालतो. त्याच्या जागी दुसरा प्रश्न ठेवून बघा. काय घडलं? तेवढ्यानं कितीतरी माणसांची तोंडं मोकळी होतील. आणि कोणी विश्वासानं काही सांगितलंच, तर ते चारचौघांत नेण्याआधी त्याला विचारा. त्याची गोष्ट त्याची असते, आपल्या हाती ती नुसती सांभाळायला दिलेली असते.

परवा त्या इमारतीच्या जिन्यात पुन्हा सगळे जमले होते. टाकीला झाकण नव्हतंच. सभा सुरू झाली आणि तळमजल्यावरच्यांनी तोंड उघडलं, "ते जाऊ दे, आधी हे कळू द्या, की नगरपालिकेत तक्रार कोणी केली होती?"

झेरॉक्सवाले वडील मागं कठड्याला टेकून उभे होते. "मी केली," ते म्हणाले. "बोला. आता झाकण कधी आणायचं?"

आईनं लेकीकडे पाहिलं, लेकीनं आईकडे. तक्रार त्यांनी खरंच केली होती का, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. घरी गेल्यावरही दोघींनी त्यांना ते विचारलं नाही. मीही विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

झाकण बसलं.